बाबासाहेबांची मोजपट्टी

महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस आले की आपल्या शहरात संगणकशास्त्राच्या वर्गांसाठी मुलींच्या रांगा लागतात. जालना, बीड, परभणीकडून आलेल्या या मुली वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या सोबतीने, गुणपत्रिकांची पिशवी छातीशी धरून उभ्या असतात. मराठवाड्यात दोन पिढ्यांपूर्वी दुर्मीळ असलेले हे दृश्य कोणाही शिक्षकाला समाधान देणारे आहे. या समाधानात भर घालणारा एक आकडाही नेहमी सांगितला जातो. संगणक उद्योगाची अखिल भारतीय संघटना असलेल्या नॅसकॉमच्या हिशेबाप्रमाणे २०२२-२३ साली या उद्योगात सुमारे चोपन्न लाख माणसे काम करीत होती आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण छत्तीस टक्क्यांच्या आसपास होते. देशातील इतर अनेक संघटित उद्योगांशी तुलना केली तर हे प्रमाण निश्चितच उजवे आहे.

परंतु छत्तीस टक्के हा आकडा नेमके काय मोजतो? नोकरीच्या पहिल्या दिवशी दारातून आत आलेल्या स्त्रिया, की दहा वर्षांनी निर्णयाच्या टेबलाशी बसलेल्या स्त्रिया? सारख्या कामाला सारखा पगार मिळवणाऱ्या, की एकाच हजेरीपटावर नावे असूनही वेगवेगळ्या पायऱ्यांवर अडकून पडलेल्या? समतेची चर्चा करताना मोजपट्टी कोणती घ्यावी, हा प्रश्न संगणकाच्या जन्माआधीचा आहे. भारतात तो ज्यांनी आयुष्यभर आणि अत्यंत शास्त्रशुद्ध रीतीने विचारला, त्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे आणि त्यांनी स्वतः उभे केलेले महाविद्यालय आपल्या नागसेनवनात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनाकार म्हणून, दलितांचे मुक्तिदाते म्हणून वंदन करतो. ते मूळचे अर्थशास्त्रज्ञ होते आणि मोजमाप हा त्यांच्या विद्येचा कणा होता, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. त्यांच्या चरित्राकडे या एका बाजूने पाहिले, तर आजच्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. आई भीमाबाई लवकर गेल्या आणि मुलाला आत्या मीराबाईंनी वाढवले. शाळेत वेगळे बसणे, पाण्याच्या भांड्याला हात न लावणे, हे सारे त्यांच्या वाट्याला आले. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले; १९१२ साली अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले, आणि महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांच्या शिक्षणाच्या जोडीने मुलींचे शिक्षण झाले तर समाजाची प्रगती कितीतरी वेगाने होईल, असा त्यातील आशय होता. बावीस वर्षांच्या, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या विद्यार्थ्याला सुचलेला हा विचार पुढील चाळीस वर्षे त्यांच्यासोबत राहिला.

त्यांच्या विद्यार्थिदशेच्या हिशेबात एक रकाना मात्र नेहमी कोरा राहतो. बालवयातच त्यांचा विवाह दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाईंशी झाला होता. पती परदेशी शिकत असताना मुंबईच्या चाळीतील प्रपंच या माउलीने कष्ट करून रेटला. पाच अपत्यांपैकी चार डोळ्यांदेखत गेली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्यांमागे जी शिष्यवृत्ती होती, तिची नोंद बडोदे सरकारच्या दप्तरात आहे. जे श्रम होते, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. पुढे पाकिस्तानविषयक आपला मोठा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा त्यांची सोशिकता आणि साथ यांचा कृतज्ञ उल्लेख करण्यास ते विसरले नाहीत. घरातील स्त्रीचे न मोजलेले श्रम हा त्यांच्या दृष्टीने पुस्तकी विषय नव्हता, तो त्यांच्या उंबरठ्याच्या आतला होता.

संख्येच्या आरशात जातिसंस्था

९ मे १९१६ रोजी कोलंबियातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात या तरुणाने भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. त्यावेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. या निबंधाची तर्कपद्धती आजही थक्क करते, कारण जातीसारख्या अमूर्त वाटणाऱ्या गोष्टीचे कोडे त्यांनी एका साध्या संख्येच्या प्रश्नात रूपांतरित केले. एखाद्या गटाने आपल्यातच विवाह करावयाचे ठरवले, तर त्या गटात विवाहयोग्य स्त्रिया व पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पती वारला तर एक स्त्री जास्त होते, पत्नी वारली तर एक पुरुष जास्त होतो. या जादा माणसांचे करायचे काय? स्त्रीच्या बाबतीत उत्तर होते सती किंवा सक्तीचे वैधव्य. पुरुष मात्र गटाला मोलाचा, म्हणून त्याला जाळता येत नाही. त्याच्यासाठी अद्याप वयात न आलेली मुलगी वधू म्हणून आणायची. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचे धागे त्यांनी अशा रीतीने एकाच गाठीशी आणून सोडले.

स्त्रीवरील बंधन हा जातिव्यवस्थेचा आनुषंगिक दोष नसून तिचा पायाच आहे, हा या निबंधाचा निष्कर्ष. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक गोष्ट निघते. संख्या सारखी ठेवणे म्हणजे समता नव्हे. जातिसंस्थाही स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवण्यासाठीच धडपडत होती. त्या जमाखर्चाचा भार मात्र तिने एकाच बाजूवर टाकला होता. तेव्हा केवळ डोकी मोजून समाधान मानणाऱ्यांना बाबासाहेबांच्या पहिल्याच निबंधाने सावध केले आहे.

दुसरा धडा त्यांना प्रत्यक्ष नोकरीत मिळाला. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. कागदोपत्री ते उच्च पदावरील अधिकारी होते. प्रत्यक्षात कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच कागद टाकीत, पिण्याच्या पाण्याची पंचाईत होती आणि शहरात राहायला कोणी जागा देईना. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला, पण हे कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. अखेर नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले. बडोदे संस्थानने त्या वर्षी कर्मचाऱ्यांची गणना केली असती, तर अस्पृश्य समाजातील एक पदवीधर उच्चपदावर नेमल्याची समाधानकारक नोंद झाली असती. त्या नोंदीत पाण्याचा पेला आला नसता, टेबलावर फेकलेला कागद आला नसता, आणि काही दिवसांतच तो अधिकारी निघून गेल्याचे कारणही आले नसते. आज मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षांत बाहेर पडणाऱ्या मुलींच्या राजीनाम्यावर घरगुती कारण असे दोन शब्द लिहिलेले असतात. बडोद्याचा प्रसंग ठाऊक असलेल्या वाचकाने त्या दोन शब्दांवर सहज विश्वास ठेवू नये.

चुकीच्या मोजपट्टीचा समाचार

मुंबईस आल्यावर १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी बहुतेक तज्ज्ञ जमिनीचे तुकडे एकरांत मोजून शेतीच्या दारिद्र्याचे निदान करीत होते. बाबासाहेबांनी या मोजपट्टीवरच बोट ठेवले. जमीन लहान की मोठी हे तिच्या एकरांवरून ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती आहेत यावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतीत अडकून पडलेल्या रिकाम्या हातांना काम द्यायचे तर औद्योगिकीकरण हाच मार्ग, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे लंडनहून रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ साली डी. एससी. ही पदवी घेऊन ते परतले. आकडा खोटा नसतो, पण चुकीच्या गोष्टीचा आकडा दिशाभूल करतो, हे या अर्थशास्त्रज्ञाला नीट ठाऊक होते.

१९२७ हे त्यांच्या सार्वजनिक जीवनातील निर्णायक वर्ष. मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच अधिवेशनाच्या अखेरीस त्यांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. मुलींना शिकवा, आपल्या राहणीतील हीनतेच्या खुणा टाकून द्या, असा उपदेश त्यांनी केला. चळवळीत स्त्री ही सोबत आलेली नसून बरोबरीची भागीदार आहे, हे त्यांनी सभेच्या रचनेतूनच दाखवले.

त्यानंतरच्या वर्षी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात वेतनासह रजा देणारे विधेयक आले. गिरणीमालकांच्या बाजूने असा आक्षेप होता की, हा खर्च लादला तर स्त्रियांना कामावर ठेवणेच परवडणार नाही. विधिमंडळाचे सभासद असलेल्या बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये विधेयकाला पाठिंबा दिला. माता आणि मूल यांचे रक्षण हे अवघ्या राष्ट्राचे हित आहे, तेव्हा त्याचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे. तथापि स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवणारा मालकही या जबाबदारीतून मोकळा होऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. आज जवळजवळ शंभर वर्षांनी तोच आक्षेप नव्या वेशात ऐकू येतो. २०१७ साली प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले, तेव्हा मुलींना नोकरी देण्यास कंपन्या कचरतील अशी भीती अनेकांनी व्यक्त केली. ही भीती अनाठायी नाही, कारण रजेच्या वेतनाचा भार मुख्यतः मालकावर आहे आणि खासगी नोकरीतील पित्याला पालकत्व रजेचा कायदेशीर हक्क या सुधारणेने दिलेला नाही. १९२८ साली सुचवलेली खर्चाची वाटणी आपण नीट केली नाही, आणि मग मुलींची संख्या का घटते म्हणून विचारीत बसलो.

गज स्त्रीच्या प्रगतीचा

जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गाच्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. गिरण्यांतून आणि विडी कारखान्यांतून काम करणाऱ्या स्त्रियांसाठी रजा आणि निवृत्तिवेतन मिळावे, मुलींसाठी वसतिगृहे निघावीत, स्त्री कामगारांवरील देखरेखीसाठी स्त्रियांचीच नेमणूक व्हावी, असे ठराव तेथे झाले. शाळेचा उंबरठाही अनेकींनी ओलांडलेला नव्हता. तरी केवळ नोकरी पुरेशी नाही, देखरेखीच्या पायरीवरही आपली माणसे हवीत, हे त्यांनी अचूक ओळखले होते. या परिषदेपुढे बोलताना बाबासाहेबांनी आपली मोजपट्टी स्पष्ट शब्दांत सांगितली. कोणत्याही समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांनी किती मजल मारली यावरून मोजतो, असा त्या प्रतिपादनाचा आशय होता. फलकांवरून आणि कॅलेंडरांवरून हे वाक्य पुष्कळदा झळकते. पण ते केवळ सुभाषित राहू नये म्हणून त्याच महिन्यात त्यांच्या हाती अधिकार आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते कामगार खात्याचे सभासद झाले.

त्यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीचा हा भाग सामान्य वाचकाला फारसा परिचित नाही. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या अध्यक्षतेखाली भरू लागल्या. कामगारांसाठी योजना आखायच्या तर आधी त्यांची खरी स्थिती कळली पाहिजे, या भूमिकेतून १९४४ साली श्री. डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली श्रम चौकशी समिती नेमण्यात आली. तिने निरनिराळ्या उद्योगांची पाहणी करून वेतन, कामाचे तास, घरे आणि राहणीमान यांची माहिती गोळा केली. १९४६ साली समितीचा अहवाल आला, आणि बाबासाहेब पदावरून उतरल्यानंतर काही महिन्यांतच कामगारविषयक आकडेवारीसाठी केंद्रीय श्रम ब्युरोची स्थापना झाली. सेवायोजन कार्यालये, कामगार कल्याण निधी, आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, युद्धकाळातील तंत्रप्रशिक्षणाची योजना, स्वस्त विजेसाठी तांत्रिक मंडळ, अशा अनेक कामांशी या खात्याचा संबंध आला. यंत्राविषयी त्यांना भय नव्हते. यंत्रामुळे माणसाला पशुवत कष्टांतून सुटका आणि फुरसत मिळते, व फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे ठाम मत होते. ही फुरसत कोणाच्या वाट्याला येते, एवढाच प्रश्न उरतो.

याच काळात त्यांच्या मोजपट्टीची कसोटी पाहणारा प्रसंग घडला. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धामुळे कोळशाची टंचाई झाली, मजूर मिळेनात, आणि ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. ज्या खात्याने ती उठवली, त्याचे प्रमुख बाबासाहेबच होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी हे पाऊल आणीबाणीचे व तात्पुरते असल्याचे सांगितले. आणि खाली काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन देण्याचे तत्त्व या निमित्ताने प्रथमच प्रस्थापित झाल्याकडे लक्ष वेधले. १९४६ च्या आरंभी बंदी पुन्हा लागू झाली.

चरित्रकाराने हा प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही, उलट तो नीट वाचला पाहिजे. त्या अडीच वर्षांत खाणीतील स्त्रियांची संख्या वाढली, समान वेतनाचे तत्त्वही मिळाले. तरी तिला प्रगती म्हणण्यास कोणी सहृदय माणूस धजणार नाही. कारण तो वाढता आकडा टंचाईचा आणि गरजेचा होता. संख्या, वेतन आणि कामाची परिस्थिती या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय समतेचे माप पुरे होत नाही. आजच्या श्रमबल सर्वेक्षणाकडेही याच नजरेने पाहावे. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमातील सहभाग २०१७-१८ साली २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ साली ४१.७ टक्क्यांवर गेला. वाढ मोठी आहे. पण ग्रामीण भागात हे प्रमाण ४७.६ टक्के असताना शहरांत ते अवघे २८ टक्के आहे, आणि वाढीचा मोठा भाग शेतीतील व घरच्या धंद्यातील कामाचा आहे. संगणकाच्या कचेऱ्या तर शहरांत आहेत.

कायद्याचा आधार

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी जे काम केले, ते सर्वश्रुत आहे. लिंगभेदावरून भेदभाव करण्यास मनाई, सरकारी नोकरीत समान संधी, समान कामाला समान वेतन, प्रसूतिसाहाय्य, या तरतुदी घटनेत आल्या. ज्यांनी १९२८ चा वाद आणि १९४४ चा वाद लढवला होता, त्यांच्या दृष्टीने ही कलमे अनुभवातून आलेली होती. समान वेतनाचा स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास मात्र १९७६ साल उजाडावे लागले.

कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू संहिता विधेयक मांडले. स्त्रीला वारसा, घटस्फोट आणि मालमत्तेवर हक्क देणाऱ्या या विधेयकाला कडवा विरोध झाला. ते मागे पडले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला. त्यामागील कारणांत हे विधेयक प्रमुख होते. १९५५-५६ साली त्याचे तुकडे वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले, तर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळण्यास २००५ साल यावे लागले. मालमत्ता आणि नोकरी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. ज्या मुलीच्या नावावर काही नाही, तिला नोकरीत अपमान गिळावा लागतो किंवा ती सोडून घरी बसावे लागते. पायाखाली जमीन असलेले माणूसच ताठ मानेने उभे राहू शकते.

त्यांच्या दुसऱ्या पत्नी डॉ. शारदा कबीर, विवाहानंतरच्या सविताबाई, या एक पदवीधर डॉक्टर होत्या. १९४८ च्या एप्रिलमध्ये विवाह झाल्यावर त्यांचे वैद्यकीय ज्ञान मुख्यतः एकाच रुग्णाच्या शुश्रूषेत खर्च झाले. त्या शुश्रूषेचे मोल राष्ट्राच्या दृष्टीने अनमोल होते, यात शंका नाही. तरीही कोणत्याही खानेसुमारीत अशा स्त्रीची नोंद कामकरी म्हणून होत नाही. समतेच्या सर्वात मोठ्या पुरस्कर्त्याच्या घरीसुद्धा सेवेचा भार स्त्रीवरच आला, यात व्यक्तीचा दोष नाही. व्यवस्था किती खोल रुजलेली आहे, याची ती खूण आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे खर्च होत होती, तर पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटे थोडी कमी झाली, अंतर मात्र जवळपास तेवढेच राहिले. यंत्राने दिलेली फुरसत कोणाच्या वाट्याला आली, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

नागसेनवनातून पुढे

१९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नंतर त्यांची नजर मराठवाड्याकडे वळली. निजामी राजवट १९४८ साली संपली, तेव्हा या भागातील मुलांना पदवीच्या शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. जून १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी त्याची धुरा वाहिली, आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांनी जागेची निवड, इमारत, झाडे यांत जातीने लक्ष घातले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९५८ साली येथे विद्यापीठ आले आणि दीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला त्यांचे नाव जोडले गेले. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे उद्योग आले, अभियांत्रिकी महाविद्यालये आली, आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरातून दरवर्षी शेकडो मुली संगणकाच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात.

पण पुढे त्यांचे काय होते, हे आपल्याला ठाऊक नसते. प्रत्येक महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात. त्यांत मुलींचे हसरे चेहरे असतात. पाच वर्षांनी त्यांपैकी कितीजणी कामावर आहेत, कोणत्या पदावर आहेत, सोबत लागलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांचा पगार किती, बाळंतपणानंतर किती परत आल्या, याची नोंद त्या भिंतीवर नसते. सेबीने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून जो अहवाल सक्तीचा केला आहे, त्यात स्त्रियांचे प्रमाण, स्त्री-पुरुषांचे मध्यक वेतन, आणि पालकत्व रजेनंतर परतण्याचे व टिकण्याचे प्रमाण द्यावे लागते. ही योग्य दिशा आहे. परंतु आमच्या मुली पहिली नोकरी करतात ती बहुधा लहान कंपनीत, कंत्राटी पद्धतीने, रात्रपाळीच्या सेवा केंद्रात किंवा माहिती भरण्याच्या कामावर. ती आस्थापने या हजारांत येत नाहीत. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी, असा २०१३ चा कायदा आहे. नोकरी स्वीकारण्यापूर्वी तशी समिती आहे का, हे विचारण्यास आपण किती मुलींना शिकवतो?

हे सारे सरकारने किंवा दिल्ली-मुंबईच्या संस्थांनीच मोजावे, असे नाही. शिक्षकांच्या, लिपिकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातात एक साधी गोष्ट आहे. प्रत्येक महाविद्यालयाने माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवावी आणि पदवीनंतर एक, पाच व दहा वर्षांनी प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत : काम चालू आहे का, कोणत्या पायरीवर, किती वेतनावर, आणि सोडले असेल तर खरे कारण काय. उत्तरे नावांवाचून, मुले व मुली वेगवेगळ्या करून जाहीर करावीत. या कामास मोठा खर्च लागत नाही. लागते ती उत्तर ऐकण्याची तयारी. कारण काही उत्तरे उद्योगांना, काही आपल्या घरांना आणि काही आपल्या महाविद्यालयांनाही अप्रिय वाटतील.

बडोद्याच्या कचेरीतून निघालेल्या तरुण अधिकाऱ्याला त्या दिवशी कोणी कारण विचारले नाही. त्याने ते स्वतःच जगाला सांगितले, आणि त्यातून देशाची घटना घडली. नोकरी सोडून निमूटपणे घरी परतणाऱ्या आमच्या मुलींपैकी प्रत्येकीकडून एवढ्या सामर्थ्याची अपेक्षा करणे न्यायाचे होणार नाही. त्यांना कारण विचारणे आणि ते नोंदवून ठेवणे, हे काम त्यांना शिकवणाऱ्यांचे आहे. त्याचा आरंभ नागसेनवनाच्या शहरातून व्हावा, यासारखे उचित दुसरे काही नाही.